दुसरा थेंब

चांगल्या गर्भाला आमच्या लॅबमध्ये ‘ध्यान’ म्हणतात. ‘ताई, कालच्या बाईंची तीन ध्यानं आहेत आणि एक बरं आहे,’ असं माझी मदतनीस फाइलिन सांगते तेव्हा मी समजते, की तीन उत्तम आहेत आणि एकाचं काही खरं नाही. परदेशात शिकून आलेले डॉक्टर पहिले काही दिवस गोंधळतात, मग त्यांनाही सवय होते. बँकॉकमध्ये वाढलेल्या माणसाला यात फार समजावून सांगावं लागत नाही. बाळ कितीही गोंडस असू दे, तोंडावर कौतुक करायचं नाही. ‘शी, काय घाणेरडं पोर!’ म्हणायचं आणि गालगुच्चा घ्यायचा. कौतुक ऐकून भलत्याच कुणाचं लक्ष जायला नको. माझं घरचं नाव उआन, म्हणजे जाडी. धाकट्या बहिणीचं कॉप, म्हणजे बेडकी. आम्ही दोघी जगलो, त्यामुळे आईच्या मते नावांनी आपलं काम चोख केलं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अर्धं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं, तिथे मला कधी भूत दिसलं नाही. पण लॅबच्या दाराशी चपला काढतो तशी ही एक रीत, म्हणून मी चालू दिली. चपला काढल्यानं काही बिघडत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज एकत्र आणायचं, जो गर्भ होईल तो एका लहानशा थेंबात ठेवायचा, वर तेल घालायचं, आणि ती डिश इनक्युबेटरमध्ये सरकवायची. आत कॅमेरा असतो, तो थोड्या थोड्या वेळानं फोटो काढतो. तीन दिवस झाले की गर्भ पहिल्या थेंबातून उचलून दुसऱ्या, ताज्या थेंबात ठेवायचा. पहिले तीन दिवस तो आईच्या बीजातल्या शिदोरीवर जगतो. त्यानंतर त्याचं स्वतःचं यंत्र सुरू व्हावं लागतं. पुष्कळ गर्भ तिथेच थांबतात. का थांबतात हे अजून कुणाला धड सांगता येत नाही.

आमच्याकडे म्हण आहे, ‘तीन दिवस भुताचं पोर, चौथ्या दिवशी माणसाचं.’ म्हण जन्मलेल्या बाळाची आहे. जुनी माणसं म्हणतात, पोर घडवणारी वेगळीच कुणी असते. ती मातीचं बाहुलं करावं तसं पोर करते आणि बाईच्या पोटात ठेवते. जन्मल्यावर तीन दिवस लांबून बघते, आणि मनात भरलं तर परत घेऊन जाते. म्हणून तीन दिवस सरले की बाळाला सुपात ठेवतात. म्हातारी सूप हलवून विचारते, ‘कुणाचं पोर? ज्याचं असेल त्यानं आत्ताच घ्या, उद्या मागायला यायचं नाही.’ खऱ्या आईला तेव्हा घराबाहेर बसवतात, म्हणजे पोर कुणाच्या मायेचं ते त्या दुसरीला कळत नाही. मग घरातली दुसरी कुणी बाई म्हणते, ‘माझं!’ आणि सूप घेते. नियम एकच. जी आधी बोलली, तिचं पोर.

मला शिकवलं ते सोम्पितबाईंनी. जपानात शिकलेल्या, हाताला कंप म्हणून नाही, आणि चुकीला माफी नाही. पण दुसऱ्या थेंबाची वेळ आली की पिपेटच्या बारीक नळीत गर्भ उचलून धरत आणि मास्कमधून पुटपुटत, ‘कुणाचं पोर?’ शेजारी उभी असलेलीनं म्हणायचं, ‘माझं.’ मग त्यांचा हात हलायचा. एकदा मी त्यांना चिडवण्यासाठी गप्प राहिले. बाई हूं का चूं न करता तशाच धरून उभ्या राहिल्या आणि माझीच घाबरगुंडी उडाली. त्यानंतर माझ्याही हाताला तीच खोड लागली. ‘माझं’ ऐकल्याशिवाय माझा अंगठा पिपेटवर दाबला जात नाही. लहानपणी जशी शिकवली तशीच बुटाची गाठ आयुष्यभर बांधतो, तसं आहे ते.

मग नवी तपासणी आली. पूर्वी गर्भ निरोगी आहे की नाही बघायला त्याच्या दोन-चार पेशी खुडाव्या लागत. माझ्या जिवावर यायचं ते. आता गर्भाला हातच लावायचा नाही. तो ज्या थेंबात राहिला तो थेंब तपासायचा. गर्भ त्यात स्वतःचे कण टाकतो, त्यावरून सगळं कळतं. विद्यापीठातला क्रित हा मुलगा ते काम करतो. आम्ही प्रत्येक गर्भाचे दोन्ही थेंब त्याला पाठवायचे, आणि ताडून बघायला त्या नवरा-बायकोची लाळ. अडचण एकच होती. डिश उघडी असताना कुणी बोललं आणि थुंकीचा कण आत गेला, की अहवालाची माती.

सोम्पितबाई निवृत्त झाल्या आणि लॅब माझ्या हातात आली, तेव्हा माझा पहिला हुकूम हाच होता: उघड्या डिशवर तोंड उघडायचं नाही. ओठांवर बोट ठेवलेलं चित्र मी स्वतः भिंतीवर चिकटवलं. ‘माझं’ ऐकल्याशिवाय माझा अंगठा दाबला जाईना, म्हणून दुसऱ्या थेंबाचं काम फाइलिनकडे दिलं. निरोपाच्या दिवशी बाई ते चित्र बघत उभ्या राहिल्या.

“कुणाचं ते विचारणारही नाहीस?”

“बाई, आता थेंबच सांगेल कुणाचं ते.”

मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

काही आठवड्यांनी क्रितचा फोन आला. “उआनताई, तुमच्याकडे कुणी फार बडबड्या बाई आहेत का हो?”

“का रे?”

“थेंबात गर्भाचे कण आहेत, त्याच्या आईचे आहेत, ते ठीक. शिवाय आणखी एका बाईचे आहेत. कुणीतरी डिशवर गप्पा मारतंय.”

मी सगळ्यांना फैलावर घेतलं. सगळ्यांनी नळ्यांमध्ये थुंकून दिलं, मी, फाइलिन, सफाईच्या बायका, आमचे डॉक्टर थावोर्नसुद्धा कुरकुरत थुंकले. सोम्पितबाईंकडे नळी घेऊन मी स्वतः गेले. ते कण कुणाशीही जुळले नाहीत. आम्ही हवेच्या गाळण्या बदलल्या, तेल बदललं, हातमोज्यांची कंपनी बदलली. पुढच्या थेंबांत ती होतीच.

“एकच बाई आहे,” क्रित म्हणाला. त्याचा थट्टेचा सूर गेला होता. “वेगवेगळ्या जोडप्यांच्या सगळ्या थेंबांत तीच. आणि ताई, मी जुने गोठवलेले थेंब काढून बघितले, सोम्पितबाईंच्या शेवटच्या महिन्यातले. त्यांत पहिल्या थेंबात ती आहे, दुसऱ्यात नाही. आता ती दोन्हींत आहे. दुसरा थेंब घालताना तुम्ही तेव्हा काय वेगळं करायचात?”

“काही नाही,” मी म्हटलं. “बोलायचो.”

“म्हणजे?”

“काही नाही रे. ठेव फोन.”

त्या काळात आमच्याकडे पोटं राहत नव्हती. राहिली तरी टिकत नव्हती. पडद्यावर एकेक गर्भ नजर लागावी असा वाढायचा, आणि पोटात ठेवल्यावर काही दिवसांत संपायचा. बाया बाहेरच्या बाकावर बसून रडायच्या. डॉक्टर थावोर्न मला म्हणाले, “उआन, आपण गाळण्या बदलायचं दुकान काढलंय का?” माझ्याकडे एक उत्तर होतं, पण ते मी तोंडानं सांगितलं असतं तर माझीच मला लाज वाटली असती.

आणि त्यातच कॉपची पाळी आली.

माझी बहीण शाळेत खेळ शिकवते. दिवसभर उन्हात शिट्टी फुंकून तिचा आवाज घोगरा झालाय. बेचाळिसावं संपत आलं होतं. आधीच्या खेपांबद्दल मी बोलणार नाही, बोललं की ती अजूनही खोली सोडून जाते. ही शेवटची खेप, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, आणि तिनं स्वतःला.

“एकच बीज निघालं, ताई,” ती खाली कँटीनमध्ये भाताची पेज ढवळत म्हणाली. “दोन महिने पोटात सुया टोचून घेतल्या आणि एक!”

“एक पुरतं.”

“तुझ्या तोंडात साखर पडो. हे गेलं ना, तर मी परत येणार नाही. अनन म्हणतो, कुत्रा पाळू.”

“तुझा नवरा कुत्र्याला घाबरतो.”

“तेच तर!” म्हणून ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं माझा हात धरला. “ताई, खरं सांग. तुमच्याकडे सध्या काय चाललंय? बाहेर बाकावर बायका बोलतात.”

“बायकांना काय, जिभेला हाड नसतं.”

“तू बघशील ना त्याच्याकडे? तू स्वतः?”

मी हो म्हटलं. माझ्या बहिणीनं माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. लहानपणी दोघींत एक आइस्क्रीम असायचं, तेही ती अर्धं खाऊन माझ्या हातात द्यायची. मी त्याच दिवशी फाइलिनला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “कॉपच्या दुसऱ्या थेंबाला आपण पूर्वीसारखं करायचं. मी विचारेन, तू म्हणायचंस.”

फाइलिननं भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अहवाल बिघडला तर?”

“बिघडू दे.”

“ताई, मी तर केव्हाची वाट बघत होते,” ती म्हणाली.

गर्भ झाला. पहिले दोन दिवस नीट वाढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून फोटोंमध्ये काही हलेना. मी घरून पुन्हा पुन्हा पडदा उघडून बघत होते, तोच फोटो, तोच फोटो.

दुसऱ्या थेंबाचा दिवस सोंगक्रानचा निघाला. नववर्षाच्या ह्या सणाला अख्खं शहर एकमेकांवर पाणी फेकत, पावडर फासत असतं. रस्त्यात पोरांनी माझ्या टॅक्सीच्या काचेवर बादल्या उपड्या केल्या. क्लिनिकमध्ये त्या दिवशी कॉपच्या गर्भाखेरीज दुसरा एकही गर्भ नव्हता. डॉक्टरांनी सुट्टीसाठी बाकी सगळ्यांच्या तारखा पुढे ढकलल्या होत्या. एक इनक्युबेटर, त्यात एक डिश, आणि डिशमध्ये ते एक.

फाइलिनचा फोन आला. “ताई, मी खालीच आहे, पण मला गाठलं मेल्यांनी! नखशिखांत भिजलेय, तोंडाला पावडर फासलीय. अशी आत कशी येऊ? अंघोळ करते, कपडे बदलते आणि आलेच.”

“लवकर ये. मी मांडामांड करते.”

नवा थेंब तयार होता, गरम होता. मी डिश बाहेर काढली. हे मी घाईनं केलं का? नाही. कपडे बदलण्याच्या खोलीचं दार वाजलेलं मी ऐकलं, तेव्हा काढली. डिश एकदा बाहेर आली की फार वेळ ठेवता येत नाही, थंड होते. मी सूक्ष्मदर्शकावर वाकले. गर्भ होता तसाच होता, निपचित.

मी त्याला पिपेटमध्ये उचललं.

पाठीमागे लॅबचं दार उघडलं की आपल्या मानेवर हवेचा हलका दाब येतो. आत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखीचा असतो. तो आला. मग कुणीतरी माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभं राहिलं. फाइलिन नेहमी तिथेच उभी राहते. मी डोळा काढला नाही. काढायचा नसतो.

मी मास्कमधून विचारलं, “कुणाचं पोर?”

मी काय ऐकलं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. गाळण्यांची घरघर होती. खाली रस्त्यावर गाणी वाजत होती, ती काचेतून आत येत नाहीत. मी शब्द ऐकला असं मी शपथेवर म्हणणार नाही.

पण माझा अंगठा दाबला गेला.

गर्भ दुसऱ्या थेंबात उतरला. मी तेल नीट केलं, डिश आत सरकवली, झाकण लावलं आणि वळले. “बरं झालं वेळेवर आलीस,” असं म्हणणार होते.

लॅबमध्ये कुणी नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. मग दार उघडलं, मानेवर तो हवेचा दाब आला, आणि फाइलिन आत आली. टोपीखालून तिचे केस ठिबकत होते.

“आले, आले! अजून विचारलं नाहीस ना?”

“विचारलं.”

“मग? कोण म्हणालं?”

“मीच,” मी म्हटलं. “मीच म्हटलं.”

“आपलं आपणच विचारायचं आणि आपणच म्हणायचं? असं चालतं?” ती हसली, पण माझ्याकडे बघून तिचं हसू राहून गेलं.

पडद्यावर पुढचा फोटो आला. गर्भ हलला होता.

त्यानंतर तो असा वाढला, की मी आयुष्यात तसा वाढलेला बघितला नाही. गुण देणारं नवं सॉफ्टवेअर आहे आमच्याकडे. नुसते फोटो बघून ते आकडा देतं, आणि ते कधी पैकीच्या पैकी देत नाही. ह्याला दिले. कॉपला दाखवायला मी पडदा वळवला, तर तिनं तोंडावर हात घेतला.

“अगंबाई, किती सुं—”

मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. “ध्यान आहे,” मी म्हटलं. “बोल. काय ध्यान आहे म्हण.”

“ध्यान आहे,” ती म्हणाली. “घाणेरडं ध्यान आहे माझं.” आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी अहवालाची वाट न बघता, न गोठवता, तो ताजाच पोटात ठेवला. पोट राहिलं, आणि टिकलं. त्यानंतर दुसऱ्या बायांचीही टिकायला लागली. भिंतीवरचं चित्र मी काढून टाकलं होतं आणि आम्ही पुन्हा विचारायला लागलो होतो, त्यामुळे फाइलिन म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? मी तिला हो म्हटलं. बाकीच्यांच्या दुसऱ्या थेंबांत ती बाई आता सापडत नव्हती, हेही खरं होतं.

कॉपच्या थेंबांचा अहवाल सुट्ट्यांमुळे उशिरा आला. तोवर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि आई शेजारीपाजारी कैऱ्या मागत फिरत होती. क्रितनं अहवाल पाठवण्याआधी फोन केला.

“ताई, तुमच्याकडे त्या दिवशी डिशची अदलाबदल झाली असेल.”

“एकच डिश होती.”

“नीट आठवा.”

“क्रित, अख्ख्या क्लिनिकमध्ये एकच डिश होती. काय झालंय?”

“पहिला थेंब ठीक आहे. तुमच्या बहिणीचा गर्भ, तुमच्या बहिणीचे कण, आणि ती दुसरी बाई, नेहमीसारखी. दुसऱ्या थेंबात ती बाहेरची म्हणून सापडत नाही. थेंब स्वच्छ आहे. त्यात फक्त गर्भ आहे. वडील अननच आहेत.”

“मग झालं तर.”

“आई कॉपताई नाहीत,” तो म्हणाला. “आई ती आहे.”

मी त्याला सांगितलं, की नमुना खराब झाला असणार, मी डिशवर बोलले होते. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं तसं लिहिलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझी बहीण आरशासमोर आडवी उभी राहून पोट बघत होती. शिट्टी फुंकायची सोडून ती आता मुलांना टाळ्या वाजवून बोलवायची, बाळाला दचकायला नको म्हणून.

फक्त सोम्पितबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तू उत्तर ऐकलंस?”

“नाही.”

“पण हात हलला.”

“हो.”

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मी तो मांडीखाली घेतला.

“घरी सुपाचा विधी करणार ना तुझी आई? तेव्हा पुन्हा विचारलं जाईल. ती शेवटची संधी. तू तिथे उभी राहा. प्रश्न संपायच्या आत बोल, मोठ्यानं बोल. दुसऱ्या कुणाला श्वास घ्यायलासुद्धा सवड देऊ नकोस.”

“बाई, तुमचा विश्वास आहे ह्यावर?”

“माझा तपासणीवर विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “तुझी तपासणी काय म्हणते?”

मुलगी झाली. रंग, नाक, कान, सगळं जागच्या जागी. बघायला येणारी प्रत्येक बाई ‘शी, काय घाणेरडी!’ म्हणायची आणि नंतर जरा गप्प व्हायची. आमची आत्या म्हणाली, “आपल्यात ह्या चेहऱ्याची कुणी नाही हो. अननकडे आहे का?” अनन म्हणाला, आमच्यातही नाही. कॉपनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं पोरीला छातीशी धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघून हसत होती, लहानपणी अर्धं आइस्क्रीम देताना हसायची तशी. मला तिच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी सकाळी आईकडे, थोनबुरीला, कालव्याकाठच्या घरात विधी केला. आईचे डोळे मोतीबिंदूनं जवळजवळ गेले आहेत. तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. पण कान असे आहेत, की कालव्यातून जाणारी बोट कुणाची आहे हे ती इंजिनावरून सांगते. पुरुषांना तिनं बाजारात पिटाळलं होतं. कॉपला अंगणातल्या बाकावर बसवलं होतं.

“तोंड उघडायचं नाही,” आई तिला ओरडली. “तू आई नाहीस. आत्ता तू कुणी नाहीस.”

“बरं बरं, मी बेडकी आहे,” कॉप बाहेरून म्हणाली.

खोलीत आई होती, सुपात पोर होती, आणि मी होते. दोन्ही दारं मी स्वतः लावली. खिडकीतून ऊन जमिनीवर आलं होतं. पोर रडत होती. मी आईच्या उजव्या हाताला, अगदी जवळ उभी राहिले.

आईनं सूप उचललं आणि हलकेच हलवलं.

“तीन दिवस भुताचं पोर, चौथ्या दिवशी माणसाचं. कुणाचं—”

“माझं!” मी ओरडले.

आई दचकली. मग हसायला लागली. “अगं, हळू! आणि एकेकीनं बोला. दोघी एकदम काय ओरडता? कॉप, तुला बाहेर बस म्हटलं ना?”

“मी बाहेरच आहे, आई,” कॉपचा आवाज अंगणातून आला.

आईनं मान तिरकी केली. ती ऐकत होती.

“मग तुझ्याबरोबर कोण आलंय गं, उआन?”

“कुणी नाही. आई, मी म्हटलं. मी एकटीनंच म्हटलं. दे इकडे.”

“मला काय ऐकू येत नाही होय?” आई जराशी रागावली. “तू बोललीस, पण मागून. आधी ती बोलली. रीत म्हणजे रीत.”

पोर रडायची थांबली होती.

मी सुपाला हात घातला, तोवर आई वळली होती. माझ्या बाजूला नाही, डावीकडे, जिथे खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि दुसरं काही नव्हतं.

“घे, बाई,” आई म्हणाली, आणि सूप पुढे केलं.